विकिपीडियावर एखाद्याच्या चरित्रातली माहिती खरी आहे हे कोण आणि कसं तपासतं?

स्वयंसेवक संपादकच तपासतात, पण खरं-खोटं स्वतः शोधून काढत नाहीत, ती गोष्ट भरवशाच्या पुस्तकात किंवा पेपरात आलीय का ते बघतात आणि संदर्भ उघडून वाक्य ताडून पाहतात. मी फावल्या वेळात हेच करतो. शिवाजी महाराजांची जन्मतारीखच घ्या ना, १६२७ की १६३०, तिथे संपादक निवाडा देत नाही, जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या घटना-तारखांच्या जुन्या नोंदींत, शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया आहे म्हणून १९ फेब्रुवारी १६३० लिहायची आणि दुसरं मत आहे तेही सांगायचं. जिवंत माणसाबद्दल वादग्रस्त काही बिनसंदर्भ दिसलं तर चर्चा नंतर, आधी काढून टाकायचं. फक्त हे सगळं बहुतेकदा मजकूर दिसायला लागल्यावर होतं, २००५मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन सीगनथॅलर यांचं नाव केनेडी-हत्येशी जोडणारा धादांत खोटा मजकूर चारेक महिने तसाच राहिला होता, म्हणून वाक्यापुढचा छोटा आकडा दाबून संदर्भ स्वतः बघाच.