कपाटात पडून असलेल्या जुन्या हार्डवेअर वॉलेटचं फर्मवेअर अपडेट करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ मध्ये घेतलेला ट्रेझर वन (क्रिप्टो कॉइनच्या गुप्त किल्ल्या इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र, म्हणजे हार्डवेअर वॉलेट) कपाटात पडून आहे, फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, एकदाही अपडेट केलेलं नाही, आणि आता ॲप अपडेट केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. अपडेट करावं का, केल्यावर कॉइन जातील का, की सरळ नवीन यंत्र घ्यावं?

करा. पण आज नको. आधी सीडचा कागद, म्हणजे वॉलेट परत उभं करणारे गुप्त शब्द लिहिलेला कागद, तपासा, मग करा.

एवढं सांगून थांबले असते, पण "चालतंय ना, मग हात लावू नका" हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असणार आणि तो ऐकला की मला राहवत नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याशी याच वाक्यावरून माझा कित्येक वर्षं वाद चालू आहे. त्याचं म्हणणं, यंत्र इंटरनेटला जोडलेलंच नाही तर त्यातली भोकं बुजवायची कशाला? हे म्हणणं चूक आहे, आणि का चूक आहे ते नीट सांगते.

डिसेंबर २०१८ मध्ये जर्मनीत लाइपझिगला झालेल्या हॅकर परिषदेत थॉमस रॉथ, दिमित्री नेदोस्पासोव आणि जॉश डॅट्को या तिघांनी ट्रेझर वनमधून सीड बाहेर काढून दाखवलं. त्या यंत्रात एसटीएम३२ जातीची साधी चिप आहे. तिच्यात वाचनबंदीच्या तीन पातळ्या असतात: शून्य, एक आणि दोन. दोनवर असताना बाहेरून काहीच वाचता येत नाही. एकवर फ्लॅश (कायमची साठवण) वाचता येत नाही, पण रॅम (तात्पुरती स्मृती) वाचता येते. चिप चालू होताना अगदी नेमक्या क्षणी तिचा वीजदाब झटक्यात पाडला की ती पातळी दोन विसरून एकवर येते. आता रॅममध्ये असणार काय? तर जुन्या फर्मवेअरमध्ये अपडेट चालू असताना सीडची प्रत रॅममध्ये ठेवली जायची. म्हणजे चोराने यंत्र हातात घ्यायचं, अपडेट सुरू करायचं, मध्येच थांबवून झटका द्यायचा आणि रॅम वाचून घ्यायची. पिनची गरजच नाही. हे पुढे फर्मवेअरच्या १.८.० आवृत्तीत दुरुस्त झालं. तुमचं यंत्र २०१८ नंतर कधीच अपडेट झालेलं नाही, म्हणजे ते भोक तुमच्या कपाटात अजून उघडं आहे.

हे फक्त प्रयोगशाळेत होतं असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रकरणात जो ग्रँड या हार्डवेअर तज्ज्ञाने पिन विसरलेल्या एका मालकाच्या ट्रेझर वनमधून सुमारे २० लाख डॉलरची कॉइन सोडवून दिली. फर्मवेअर जुनं होतं म्हणून ते जमलं. तिथे मालक स्वतः यंत्र घेऊन गेला होता. तेच यंत्र चोराच्या टेबलावर असतं तरी वाट हीच होती. यंत्र इंटरनेटला जोडलेलं नाही म्हणून कपाट फोडणारा अडत नाही.

आता कागदाकडे येते, कारण खरा घोळ तिथे होतो.

त्याच सहकाऱ्याने शेवटी जुनं यंत्र माझ्याकडे आणलं तेव्हा मी पहिल्यांदा कागद मागितला. २४ इंग्रजी शब्द, निळ्या पेनाने, घाईत लिहिलेले. त्याला वाटत होतं की अपडेट दहा मिनिटांचं काम आहे. अपडेट खरंच दहा मिनिटांचं असतं. बिघडलं तर मात्र हातात फक्त तो कागद उरतो, म्हणून कागद खरा आहे की नाही हे आधी कळायला हवं. चालू यंत्रावर सीड तपासण्याची सोय असते, पण फर्मवेअर फारच जुनं असेल तर ॲप आधी अपडेटच मागतं आणि आपण अडकतो. यावर उपाय एकच: दुसरं कोरं यंत्र घ्यायचं, त्यावर कागदावरून वॉलेट उभं करायचं आणि त्याचा पहिला पत्ता (कॉइन स्वीकारण्याचा, खाते क्रमांकासारखा) तुमच्या जुन्या व्यवहारातल्या पत्त्याशी जुळतो का ते बघायचं. जुळला तर कागद खरा.

त्याचा कागद जुळला नाही, म्हणजे पत्त्यापर्यंतही पोहोचलो नाही. यंत्र म्हणालं, सीड अवैध आहे. तेवढ्यात त्याला घाम फुटला, पण खरं तर ही चांगली बातमी होती. बीआयपी-३९ या सीडच्या शब्दांच्या ठरलेल्या यादीत २,०४८ शब्द आहेत, म्हणजे एक शब्द ११ बिटांचा. २४ शब्दांचे २६४ बिट होतात, त्यातले २५६ सीडचे आणि उरलेले ८ तपासणीचे. म्हणून एखादा शब्द चुकला तर २५६ पैकी साधारण २५५ वेळा यंत्र ते ओळखतं. कुठला शब्द चुकला हे माहीत असेल तर २,०४८ पैकी साधारण ८ पर्यायच वैध उरतात. जागाही माहीत नसेल तरी २४ जागांचे मिळून दोनशेच्या आतबाहेर. तेवढे पत्ते जुळवून बघणं अशक्य नाही, फक्त ते काम इंटरनेट तोडलेल्या संगणकावर करायचं आणि नंतर तो संगणक पुसून टाकायचा.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. सतराव्या जागी "वॉल" (wall) लिहिलं होतं. शेवटचं अक्षर भिंगातून पाहिलं तेव्हा त्याला एक पुसट तंगडी दिसली, म्हणजे तो "वॉक" (walk) होता. दोन्ही शब्द यादीत आहेत आणि फरक एकाच अक्षराचा आहे. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांतच बाकीच्यांपासून वेगळा होतो, पण इथे ते चौथं अक्षरच धूसर होतं. शब्द बदलला, पत्ता जुळला. त्या कागदाच्या भरवशावर त्याने इतकी वर्षं शांत झोप काढली होती. म्हणून छापील अक्षरात लिहा, जोडून लिहू नका, आणि लिहिल्या दिवशीच यंत्र एकदा पुसून कागदावरून परत उभं करा. तेव्हा त्यात काहीच ठेवलेलं नसतं, त्यामुळे चुकलं तरी नुकसान नाही.

आता अपडेट. ॲप फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या आणि साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. मेलमधली, जाहिरातीतली, शोधयंत्रातली लिंक नको. एप्रिल २०२२ मध्ये ट्रेझरची बातमीपत्रं पाठवणारी मेलसेवा फोडून लोकांना "तुमचा डेटा फुटला, हे नवं ॲप घ्या" असे मेल गेले होते. साइटच्या नावातल्या एका इंग्रजी अक्षराखाली बारीकसं टिंब होतं, बाकी सगळं हुबेहूब. ते ॲप सीडचे शब्द मागत होतं. खरं अपडेट शब्द कधीच मागत नाही.

यंत्रासोबत आलेली केबल वापरा. ट्रेझर वनला मायक्रो यूएसबी लागते, आणि घरात सापडणाऱ्या अशा निम्म्या केबल फक्त चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा त्यांत नसतात. "यंत्र सापडत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. यूएसबी हब मध्ये घालू नका. लॅपटॉप चार्जरला लावा आणि झोपी जाणं बंद करा. बटण दाबून धरून केबल जोडली की यंत्र बूटलोडरमध्ये, म्हणजे फर्मवेअर चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, जातं. नेमकं कुठलं बटण ते ॲप दाखवतं. फर्मवेअर फार जुनं असेल तर अपडेट दोन टप्प्यांत होतं, आधी मधली आवृत्ती आणि मग शेवटची. पहिल्या टप्प्यानंतर काम संपलं असं समजून केबल काढू नका.

कॉइन जातील का? कॉइन यंत्रात नसतातच (त्यांची नोंद ब्लॉकचेन या सामायिक खातेवहीत असते), हे तुम्हाला माहीत असेल असं धरते. सीड मात्र यंत्रात असतं. फर्मवेअर आणि सीड फ्लॅशच्या वेगवेगळ्या भागांत राहतात. ट्रेझर वनच्या अधिकृत फर्मवेअरवर कंपनीच्या गुप्त डिजिटल किल्ल्यांची सही लागते. बूटलोडर ती सही तपासतो आणि जुळली तर सीड पुसत नाही. जुळली नाही तर सीड पुसून मगच ते फर्मवेअर चालू देतो आणि पुढे दर वेळी पडद्यावर इशारा दाखवतो. मध्येच वीज गेली तर यंत्र बूटलोडरमध्येच थांबतं. परत जोडून अपडेट पुन्हा चालवायचं. सीड शाबूत असेलच असं नाही. म्हणूनच कागदावर एवढं लिहिलं.

अपडेट झालं की पहिला पत्ता परत जुळवून बघा, आणि तो यंत्राच्या पडद्यावर बघा. संगणकाच्या पडद्यावर दिसलेला पत्ता बदललेला असू शकतो.

आता माझ्या सहकाऱ्याच्या बाजूचंही सांगायला हवं. अपडेटने सगळी भोकं बुजत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्सचेंजच्या सुरक्षा पथकाने दाखवलं की यंत्र १५ मिनिटं हातात मिळालं तर ट्रेझर वन आणि त्याच कंपनीचं मॉडेल टी या दोन्हींमधून फ्लॅशच बाहेर काढता येते. मग चार आकडी पिन संगणकावर दोन मिनिटांत फुटतो. ही चूक चिपच्या स्वतःच्या न बदलणाऱ्या रॉममध्ये आहे. कुठलंही फर्मवेअर तिथे पोहोचत नाही. यावर उत्तर पासफ्रेज, म्हणजे सीडच्या शब्दांना जोडायचं तुम्हीच ठरवलेलं जास्तीचं गुपित. ती यंत्रात साठवलेलीच नसते, त्यामुळे फ्लॅश वाचूनही ती मिळत नाही. पण ती लांब हवी. शब्द आणि पासफ्रेज यांतून सीड बनवताना फक्त २,०४८ फेऱ्या होतात, म्हणून गल्लीचं नाव आणि जन्मसाल अशी पासफ्रेज टिकणार नाही. सहा-सात असंबद्ध शब्द घ्या आणि ते सीडच्या कागदापासून वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवा. पासफ्रेज चुकली तर यंत्र "चूक" म्हणत नाही, निमूट दुसरं रिकामं वॉलेट उघडतं. शिल्लक शून्य दिसली की लोकांना वाटतं अपडेटने पैसे खाल्ले. आणि फक्त पासफ्रेज चालू करून काहीच होत नाही, कॉइन त्या नव्या वॉलेटवर पाठवावी लागतात. आधी थोडी पाठवा, यंत्र काढून परत जोडा, पासफ्रेज परत टाका, दिसली तर बाकीची.

दुसरी गोष्ट, जिथे अपडेट उपयोगी पडत नाही. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्सचेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले तेव्हा सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेटच होती. पुढच्या फेब्रुवारीत बायबिट या दुसऱ्या एक्सचेंजचंही तेच झालं, रक्कम सुमारे १५० कोटी डॉलर. यंत्राच्या पडद्यावर व्यवहार वाचता न येता केलेली सही ही कोऱ्या चेकवरची सही आहे. तुमची कॉइन नुसती पडून असतील तर हे तुम्हाला लागू नाही. स्मार्ट काँट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे प्रोग्रॅम) वापरत असाल तर पडद्यावर न कळणाऱ्या कशावरही सही करू नका.

नवीन यंत्र घ्यावं का? रक्कम मोठी असेल तर घ्या, कागद तपासायला तसंही दुसरं लागणारच आहे. सिक्युअर एलिमेंट (गुपितं जपण्यासाठीची खास चिप) असलेलं घ्या आणि कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. सेकंडहँड किंवा "ऑफरमध्ये" मिळालेलं नको. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने एक नकली ट्रेझर मॉडेल टी उघडून दाखवला होता: चिप बदललेली आणि सीड आधीच ठरवलेल्या २० पैकी एक. बूटलोडर २.०.४ दाखवत होता, आणि ती आवृत्ती कंपनीने कधी काढलीच नव्हती. नव्या यंत्रासोबत शब्द आधीच छापून आले असतील तर ते यंत्र वापरूच नका.

एक राहिलंच. बिटकॉइन सोडून २०१८ च्या काळातली काही लहानसहान कॉइन त्यात असतील तर अपडेटच्या आधी कंपनीच्या साइटवर यादी बघा. काही जुन्या कॉइनचा आधार आता काढून टाकलेला असतो. तरी ती कॉइन जात नाहीत; त्याच शब्दांवरून दुसऱ्या वॉलेटमध्ये काढता येतात, पण मग शब्द संगणकावर टाकावे लागतात. तेव्हा बाकीची सगळी कॉइन आधी नव्या सीडवर हलवा आणि हे शेवटी करा.