सांधा आधी, चेहरा नंतर

नौपाडा, ठाणे
जुलै, भर पावसात

प्रिय मुली,

तुझी कागदी बाहुली परवा पोस्टाने पोहोचली. नाक जमलं नाही म्हणून तू पत्रात तीन ओळी माफी मागितली आहेस. नाकाकडे मी नंतर पाहिलं. आधी तिचा हात वर केला, तर खांद्याशी कागदाला घडी पडली. हे पत्र त्या खांद्यासाठी.

आपण एकमेकींना पोस्टाने पाठवतो ती सांध्यांची बाहुली दुसऱ्याच्या हातात हलायची असते. म्हणून सांधा आधी, चेहरा नंतर. जर्मनीच्या लोट्टे रायनिगर यांनी १९२६ साली अख्खा चित्रपट कापलेल्या काळ्या बाहुल्यांच्या सावल्यांवर उभा केला. राग, लाज, प्रेम, सगळं मान आणि मनगटं बोलतात.

तुझी चूक एवढीच की सांध्यातल्या दुपायी पितळी पिनेचे पाय तू मागून घट्ट दाबून टाकलेस. पाय वाकवताना पिन आणि कागद यांच्यामध्ये कार्डाचा एक तुकडा धर, मग तो ओढून काढ. तेवढी फट राहिली की हात फिरतो. भोक कात्रीच्या टोकाने पाडू नकोस, कडा फाटतात. खाली खोडरबर ठेव आणि दाभणाने पाड. हाताचं टोक गोल काप आणि भोक त्या गोलाच्या बरोबर मध्यावर घे, म्हणजे हात फिरताना कोपरा बाहेर डोकावत नाही. रंग आधी, जोडणी शेवटी.

कागदालाही कल असतो. कार्डशीट दोन्ही दिशांनी अलगद वाकवून बघ. ज्या दिशेने ते वाकायला कुरकुरतं, त्या दिशेला हातापायांची लांबी ठेव. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं. खाडीची दमट हवा, त्यात आडवा कापलेला पाय दोन दिवसांत मान टाकतो. जुन्या लग्नपत्रिकांचं जाड कार्ड मी जपून ठेवते, सरावाला त्याच्यासारखं काही नाही.

आता पोस्टाचं. तू ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारं कार्ड वापरतेस. त्याचा पूर्ण ए-४ कागद पावणेएकोणीस ग्रॅम भरतो, आणि साध्या पत्राच्या टपालदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. म्हणजे बाहुली अर्ध्या कागदात बसव, उरलेलं वजन पाकीट आणि आधाराचा पुठ्ठा खातात. हातपाय अंगाशी मिटव आणि पिनांवर मऊ कागदाची घडी ठेव. माझ्या पहिल्या बाहुलीच्या पिनेचा उंचवटा पाकिटातून वर आला होता. वाटेत तो कुठेतरी अडकला आणि उजवा हात तुटून गेला. जिला पाठवली होती तिने तो काळ्या दोऱ्याने बांधला, दोन्ही बाजूंनी गाठ मारून, आणि मला तसं कळवलं. तो सांधा माझ्या पिनेपेक्षा सुरेख फिरत होता. आंध्रातल्या तोलु बोम्मलाट या सावल्यांच्या खेळातल्या चामडी बाहुल्यांचे खांदे, कोपर, गुडघे दोऱ्यानेच बांधतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हापासून लांबच्या प्रवासाला दोराच.

पत्ता बॉलपेनने लिही, जेल पेनची शाई पावसात पसरते. पिनकोड सुटा सुटा, ठळक. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पोस्टखात्यातला हा मराठी माणूस संस्कृतात कविता लिहायचा. तुझ्या नेरुळचे ४००७०६ लिहिताना मला त्यांची आठवण येतेच.

आणि बाहुल्यांच्या देवाणघेवाणीची तारीख पाळ. कुणाची बाहुली तुझ्यापेक्षा देखणी असेल म्हणून आपली अडवून ठेवू नकोस. समोरची व्यक्ती रोज पोस्टमनची वाट बघत असते. ते वाट बघणं मी चांगलं ओळखते.

तुझी बाहुली मी परत पाठवत नाही. खांदा दोऱ्याने बांधला आहे, ती माझ्या खिडकीशी टांगली आहे. नाक चांगलं आहे. सोबत माझी एक पाठवते, न जोडलेली, दोरा आणि चार पिनांसह. डाव्या कोपराचं भोक मी पाडलेलं नाही. ते तू पाड, आणि हात कुठवर वर जातो ते लिहून कळव.

तुझी,
ठाण्याची काकू