अ‍ॅपच्या पोटात आर

प्रश्न: आमचं डेस्कटॉप अ‍ॅप सी प्लस प्लसमधे आहे आणि मॉडेलिंगचा सगळा कोड आर या स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत. युजरला वेगळं आर इन्स्टॉल करायला न लावता ते अ‍ॅपमधेच बसवता येईल का? ट्राय केलं, पण आरमधे साधी एरर आली तरी अख्खं अ‍ॅप बंद पडतं.

उत्तर: येतं की बसवता. आर म्हणजे शेवटी एक शेअर्ड लायब्ररीच (दुसरा प्रोग्रॅम स्वतःत लोड करून वापरू शकतो अशी फाइल), विंडोजवर आर डॉट डीएलएल, लिनक्सवर लिबआर डॉट एसओ. आरचं पूर्ण फोल्डर, लागणाऱ्या पॅकेजेससकट, अ‍ॅपबरोबर द्यायचं आणि इंटरप्रिटर (आरचा कोड चालवणारा भाग) सुरू करण्याआधी आर_होम, म्हणजे आर कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल, त्या फोल्डरवर सेट करायचं, हे राहिलं की पहिल्याच पायरीला अडकायला होतं.

आता तुमचा क्रॅश. आरमधे एरर आली की आर लाँगजंप मारून, म्हणजे मधले सगळे फंक्शन कॉल सोडून, थेट टॉप लेव्हलला (सगळ्यात बाहेरच्या पातळीला) जातं, आणि तुम्ही आरचा कोड चालवायला नुसतं इव्हल हे फंक्शन कॉल करत असाल (बहुतेक तेच चाललंय) तर तुमच्या अ‍ॅपमधे ती उडी झेलायला कोणी नसतं. त्याऐवजी आर_ट्रायइव्हल वापरा, ते एरर अडवतं आणि एरर आल्याचं तुम्हाला कळवतं. तेही नको असेल तर आरइनसाइड पॅकेज बघा, त्यात हे सगळं सी प्लस प्लसच्या एक्सेप्शनमधे (कोडमधे पकडता येणाऱ्या एररमधे) बदलून मिळतं.

खरी डोकेदुखी थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधे समांतर चालणाऱ्या कामांची, आहे. एका प्रोसेसमधे (चालू प्रोग्रॅममधे) एकच आर चालतं आणि ते एका थ्रेडचंच गिऱ्हाईक, म्हणजे यूआयच्या (स्क्रीन सांभाळणाऱ्या) थ्रेडमधून चालवलं तर मॉडेल फिट होईपर्यंत स्क्रीन गोठलेली, आणि दुसऱ्या थ्रेडमधे नेलं तर लिनक्सवर सी स्टॅक (फंक्शन कॉलसाठीची मेमरी) संपत आल्याची खोटी एरर येऊ शकते, ती घालवायला त्याची मर्यादा ठेवणारं आर_सीस्टॅकलिमिट उणे एक करून तो चेक बंद करावा लागतो.

म्हणून माझं मत विचाराल तर एम्बेड करूच नका, म्हणजे आर पोटात बसवूच नका. आरस्क्रिप्ट (आरची फाइल चालवणारा प्रोग्रॅम) वेगळ्या प्रोसेसमधे चालवा, डेटा फाइलमधून द्या-घ्या. आर मेलं तरी अ‍ॅप जिवंत राहतं, परत सुरू केलं की झालं. सतत छोटे छोटे कॉल असतील तर आरसर्व्ह हा आरचा सर्व्हर आहे, तो डीफॉल्ट ६३११ पोर्टवर ऐकतो, पण विंडोजवर त्यात फोर्क (प्रत्येक कनेक्शनला प्रोसेसची वेगळी प्रत) नाही त्यामुळे सगळी कनेक्शन्स एकाच वर्कस्पेसमधे (व्हेरिएबल्सच्या जागेत) घुसतात. एम्बेड करायला खरा अर्थ तेव्हाच, जेव्हा मोठा डेटा मेमरीतून सेकंदासेकंदाला इकडून तिकडे न्यायचा असतो.

आणि हो, आरचं लायसन्स जीपीएल आहे, म्हणजे सॉफ्टवेअर वाटताना सोर्स कोडही खुला ठेवायला लावणारं. तुमचा कोड बंद ठेवून अ‍ॅप विकणार असाल तर लिबआरला लिंक करण्याआधी वकिलाला दाखवून घ्या.