गुगलवर माझं नाव टाकलं की माझ्याच नावाची दुसरी माणसं दिसतात. फक्त माझी माहिती कशी शोधू?

पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा आणि त्या दुसऱ्या माणसाशी जोडलेला शब्द वजाचं चिन्ह लावून वगळा: "नाव आडनाव" -क्रिकेट, असं. वजा आणि शब्द यांच्यात जागा सोडू नका, तिथेच बहुतेकांचं फसतं. अवतरणचिन्हं नसली तर नाव एका ओळीत आणि आडनाव भलतीकडे असलेली पानंही निकालात येतात. मात्र चिन्हांत लिहिलेलं स्पेलिंगच शोधलं जातं, म्हणून देवनागरीत, रोमन लिपीत आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घालून वेगवेगळं शोधा. शोधनिबंध लिहीत असाल तर ऑर्किड (ORCID) क्रमांक जरूर घ्या. नामसाधर्म्याचा हाच गोंधळ टाळण्यासाठी संशोधकांना २०१२पासून हा १६ अंकी क्रमांक मोफत मिळतो.