रिफ्लेक्शन येतं, दिवा बंद कर

"मॅडम, हा बाहेर सगळ्यांशी भरभरून बोलतो. माझ्याशीच बोलत नाही."

जोडप्यांची समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की समोरची बाई खुर्चीत टेकली की तिच्या श्वासावरून ते येणार हे कळतं. कुणाचा नवरा गडकिल्ल्यांवर बोलतो, कुणाचा गाण्यावर, कुणाचा शेअर बाजारावर. घरी आला की "हं", "बघू", "ठेव तिथे". गेल्या दोन महिन्यांत तिघींनी हेच सांगितलं, म्हणून एक जुनी गोष्ट लिहायला घेतली. नावं देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत. तो आणि ती, एवढं पुरे.

तो पन्नाशीचा, चिंचवडला एका कंपनीत इंजिनिअर. ती शाळेत गणित शिकवायची. राहायला कोथरूड. त्याला सिनेमाचं वेड, आणि पुण्यात हे वेड पोसायला काही कमी नाही. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली, पुढे त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ पासून जुने सिनेमे जपणारं फिल्म अर्काइव्हही इथेच. या गृहस्थांनी सुट्ट्या साठवून फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स केलेला. मित्रांच्या ग्रुपवर प्रेम आणि आयुष्य या विषयावरच्या सिनेमांबद्दल लांबलचक मतं लिहायचा. तिने ती मला फोनवर दाखवली. "बघा किती हळवा आहे. हा माणूस मला भेटलेला नाही."

सुरुवातीला मी चुकले. सिनेमे आठवड्याला दोनच, असं ठरवून दिलं. त्याने शहाण्या मुलासारखं ऐकलं आणि उरलेल्या संध्याकाळी गॅलरीत गप्प बसून काढल्या. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "आधी निदान टीव्हीचा तरी आवाज होता."

मग मी उलट्या बाजूने गेले. त्याला म्हटलं, तुमचे सगळ्यात आवडते चार सिनेमे सांगा, आणि का आवडतात तेही.

तो खुलला. 'इकिरू', कुरोसावा, १९५२. 'द रिमेन्स ऑफ द डे', १९९३. 'इन द मूड फॉर लव्ह', २०००. आणि आपला 'द लंचबॉक्स', २०१३. प्रत्येकावर दहा-दहा मिनिटं. "मॅडम, यात कुणी काही बोलून दाखवत नाही. तेच तर मोठेपण आहे. आणि 'लंचबॉक्स'चा शेवट तर मोकळाच सोडलाय."

ती शेजारून म्हणाली, "आमच्या घरी भांडणाचाही शेवट मोकळाच असतो."

मी हसले, आणि हसता हसता यादीकडे पुन्हा पाहिलं. 'इकिरू'तला सरकारी अधिकारी पोटाच्या कॅन्सरबद्दल मुलाला सांगायला जातो आणि न सांगताच राहतो. 'रिमेन्स'मधला बटलर जिच्यावर जीव आहे तिला शेवटपर्यंत सांगत नाही. 'इन द मूड'चा नायक मनातलं गुपित सांगतो ते थेट अंगकोरवाटला जाऊन, भिंतीतल्या भोकाला. (यावर तिचं मत: "भिंतीला सांगेल, माणसाला नाही.") चारही सिनेमांत न बोलणारा पुरुष, आणि माझ्यासमोरचा माणूस त्या चौघांना दाद देत होता.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी; 'असंच व्हायला हवं' या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं तो सांगायचा. माणसाच्या दुःखापेक्षा त्याच्या वाक्यातला 'च' मी आधी शोधते. त्याला विचारलं, "बोलून दाखवलं तर काय बिघडतं?" तो म्हणाला, "खरं प्रेम असेल तर न बोलता कळलंच पाहिजे ना." सापडला. तिलाही विचारलं. तिचं उत्तर, "मला काय हवंय ते त्याला सांगावं का लागावं? कळायलाच हवं." एकाच घरात दोन 'च'. दोघंही समोरच्याने ओळखावं म्हणून वाट बघत बसलेली, एकोणीस वर्षं.

पाचव्या भेटीत मी त्याला म्हटलं, दिग्दर्शक, कॅमेरा सगळं बाजूला ठेवा. 'लंचबॉक्स'मधला तुम्हाला सगळ्यात भिडलेला एक प्रसंग सांगा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच: डबा चुकून भलत्याच माणसाकडे जातो, आणि निवृत्तीला आलेला विधुर साजन आणि डबा पाठवणारी इला यांच्यात त्या डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात.

तो सांगू लागला. साजन रात्रभर जुन्या मालिकेच्या टेप बघत बसतो. बायकोने रेकॉर्ड करून ठेवलेल्या. मग इलाला लिहितो, की रविवारी ती या मालिका बघायची तेव्हा मी बाहेर सायकल दुरुस्त करत असायचो, नाहीतर सिगरेट ओढत. खिडकीतून क्षणभर आत नजर जायची, टीव्हीच्या काचेवर ती हसताना दिसायची. तेव्हाच नीट बघत राहायला हवं होतं.

त्याचा आवाज ओला झाला होता. मी गप्प बसले. या कामात गप्प बसणं शिकायला मला दहा वर्षं लागली, पण आता जमतं.

ती खाली बघून पर्सच्या चेनशी चाळा करत होती. म्हणाली, "मी मागे डायनिंग टेबलावर पेपर तपासायचे. दिवा लावून. तू म्हणायचास, दिवा बंद कर, स्क्रीनवर रिफ्लेक्शन येतं."

तो काहीच बोलला नाही.

"म्हणून मी स्वयंपाकघरात जायला लागले. ओट्यावर उभ्याने तपासते."

खालच्या रस्त्यावरचा पीएमपी बसचा ब्रेक ऐकू आला, इतकी शांतता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला. मग मला नाही, तिला म्हणाला, "उभ्याने?"

त्या एका शब्दासाठी मी पाच भेटी थांबले होते असं आता म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर मीही तेव्हा चकित झाले होते. तपासताना ती उभी असते की बसलेली, हे त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं.

घरी जाताना मला जे कळलं ते तेव्हापासून प्रत्येक अशा जोडप्याला सांगते. सिनेमातला गप्प माणूस आपल्यासाठी गप्प नसतोच. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो, त्याची चिठ्ठी त्याच्याच आवाजात आपल्याला ऐकवतात. त्याचा अबोला आपल्याला वाचता येतो, कारण कुणीतरी तो वाचून दाखवण्यासाठी मेहनत घेतलेली असते. घरातल्या अबोल्याला ना क्लोजअप, ना पार्श्वसंगीत. तिथे "हं" म्हणजे फक्त "हं".

म्हणून तिघींना (आणि चौथी येईलच) माझं सांगणं असं. छंदाशी स्पर्धा करू नका, तो बंद तर मुळीच करायला लावू नका, मी करून बसलेय. बहुतेक वेळा माणूस स्वतःबद्दलचं बोलणं तिथेच ठेवून आलेला असतो. सिनेमा कसा होता हे विचारू नका, मत मिळेल. कुठल्या प्रसंगाला थांबलास ते विचारा. आणि तुमचा स्वतःचा 'च' तपासा. "आज माझ्याजवळ बस" असं म्हणून, मागून मिळालं तरी ते खोटं ठरत नाही. नवऱ्यांना माझा गृहपाठ एकच: रोज 'मला'ने सुरू होणारं एक वाक्य, आणि "मला वाटतं दिग्दर्शकाने" हे त्यात धरत नाही. पहिल्या आठवड्यात या गृहस्थांनी तीन वाक्यं आणली. त्यातलं एक "मला भूक लागलीय" होतं. मी तेही धरलं.

एक मात्र वेगळं ओळखा. गप्प राहणाऱ्या माणसाचं आवडत्या गोष्टीतूनही मन उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलत असेल, तर ही सिनेमाची गोष्ट नव्हे. तिथे माझ्याआधी मानसोपचारतज्ज्ञ.

त्यांच्या भेटी पुढे पाच-सहा झाल्या, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सहा महिन्यांनी दोघं भेटायला आली. दिवा डायनिंग टेबलावर परत आलाय. "काळे सीन धड दिसत नाहीत," त्याची तक्रार. 'लंचबॉक्स' दोघांनी मिळून पाहिला. शेवटी साजन डबेवाल्यांबरोबर इलाला शोधायला निघतो, तो पोचतो की नाही यावर त्यांचं वाजलं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"रात्री साडेबारापर्यंत," ती म्हणाली. "मी म्हणते पोचत नाही. ती मुलीला घेऊन निघून गेली असणार."

"काहीतरीच. पोचतो," तो म्हणाला, आणि माझ्या खोलीत दोघं पुन्हा सुरू झाली.