टोनी हिबर्टनं एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबसाठी एकही गोल केला नाही, ट्रॉफीही जिंकली नाही. नुसत्या निष्ठेवर त्याला क्लबच्या 'जायंट्स'मध्ये जागा द्यावी का?

द्यावी. पण निष्ठेसाठी नको, आणि लगेच तर नकोच.

मी कोल्हापूरचा, पेठेतला. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा. घर कुठल्या गल्लीत आहे त्यावर पोराचा संघ ठरतो आणि शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की त्या दिवशी पेठेत दुसरा विषय नसतो. एव्हर्टनचा नाद मला २००४-०५ च्या हंगामात लागला, टीव्हीवर बघून. त्या ऑगस्टमध्ये १८ वर्षांचा वेन रूनी, घरचाच पोरगा, मँचेस्टर युनायटेडला विकला गेला होता. आता हे खालच्या डिव्हिजनला जाणार असं जो तो म्हणत होता. आणि हे आले चौथे! त्याच शहरातलं हाडवैरी लिव्हरपूल त्यांच्या खाली, पाचवं. गंमत म्हणजे अख्ख्या हंगामात ४५ गोल केले आणि ४६ खाल्ले. चौथ्या नंबरचा संघ आणि गोलांचा हिशोब उणे एक. त्या संघाचा राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, होता टोनी हिबर्ट. त्यामुळं मी तटस्थ नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

'जायंट्स' म्हणजे एव्हर्टनची मानाची यादी. २००० सालापासून क्लब त्यात जुन्या खेळाडूंची नावं घालत आलाय. एका हंगामात लीगचे ६० गोल करणारा डिक्सी डीन त्यात आहे, ७५१ सामने खेळलेला गोलकीपर नेव्हिल साउथॉल आहे. त्यांच्या शेजारी ३२८ सामने आणि शून्य गोलवाला हिबर्ट ठेवला की हसू येतं, ते मला मान्य आहे.

आता निष्ठेचं. याच यादीत डेव्ह हिक्सन आहे, पन्नाशीच्या दशकातला सेंटर फॉरवर्ड. १९५३ च्या एफए कपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध डोळ्यावर खोक पडली, रक्त वाहत होतं, तरी हा गडी बाहेर बसायला तयार नाही. परत मैदानात उतरला आणि विजयाचा गोल त्यानंच केला. एव्हर्टनसाठी मरायचीही तयारी आहे, असं तो म्हणायचा. आणि हाच हिक्सन १९५९ मध्ये कुठं गेला? लिव्हरपूलला! नंतर ट्रॅनमियर या शेजारच्या क्लबलाही. एव्हर्टनकडून एकही मोठा चषक त्यानं जिंकला नाही. तरी तो 'जायंट' आहे आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही अटी त्या यादीला कधी लागूच नव्हत्या. चषक लागत नाही आणि जन्मभर एकाच ठिकाणी राहावंही लागत नाही. चषकाचीच अट घातली तर १९९५ च्या एफए कपनंतरच्या खेळाडूंना दारच बंद करावं लागेल, कारण त्यानंतर क्लबनं एकही मोठा चषक जिंकलेला नाही.

'तो गेला नाही कारण त्याला कुणी बोलावलंच नाही' हा टोमणा मी हिबर्टबद्दल बरेचदा ऐकलाय. आमच्या तालमीतही असाच एक बॅक होता. दर वर्षी हंगामाच्या नोंदणीला चांगली पोरं जास्त पैशासाठी दुसऱ्या पेठेत जायची, हा आपला तिथंच. लोक म्हणायचे, ह्याला कोण नेणार? पण संघ निवडताना पाठच्या चौघांत पहिलं नाव त्याचं लिहिलं जायचं, ते काही कुणी दया म्हणून लिहीत नव्हतं. हिबर्टचंही तेच. मार्च २००१ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध तो पहिल्यांदा खेळला. वर्षभरानं डेव्हिड मॉयेस मॅनेजर म्हणून आला, आणि मॉयेस काही भावनेच्या भरात संघ निवडणारा माणूस नव्हे. २००५ मध्ये फिल नेव्हिल आला, तोही राइट बॅक. २००९ च्या सुरुवातीला आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्समधून ६० हजार पौंडांत शेमस कोलमन आला, जो पुढं क्लबचा कॅप्टन झाला. इतकं होऊनही २०११-१२ मध्ये बहुतेक सामन्यांत उजवीकडं मागं हिबर्टच दिसायचा आणि कोलमन त्याच्या पुढं मिडफिल्डमध्ये. याला नुसतं टिकून राहणं म्हणत असाल तर म्हणा.

खेळ कसा होता? देखणा नव्हता. क्रॉस टाकायला लागला की आम्ही मान खाली घालायचो. पण टॅकल, समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घेणं! समोरचा विंगर कितीही नावाजलेला असो, पहिल्या पाच मिनिटांत त्याला हिबर्टची ओळख पटायची. ॲकॅडमीत मिडफिल्डर म्हणून वाढला होता, हे त्याचे पास बघून खरं वाटायचं नाही.

आता त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट, जी त्याच्या बाजूनं लिहिणारे गाळतात. ३० मे २००९, वेम्ब्ली, चेल्सीविरुद्ध एफए कपची फायनल. पंचविसाव्या सेकंदाला आमच्या लुई साहानं गोल मारला. सेकंदाला, मिनिटाला नव्हे. चहाचा कप तसाच टाकून मी खोलीभर नाचलो. आणि मग चेल्सीचा विंगर मलुदानं डाव्या बाजूनं हिबर्टला जे पळवलं ते पुन्हा बघवत नाही. लवकरच पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे त्याचं एकमेव शस्त्र, टॅकल, तेच काढून घेतलं गेलं. चेल्सीच्या द्रोग्बाच्या गोलनं बरोबरी झाली होती. हाफटाइमनंतर हिबर्ट दिसलाच नाही, त्याच्या जागी लार्स याकोबसेन आला होता. पुढं चेल्सीच्याच लॅम्पार्डनं २-१ केलं आणि कप गेला. आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच आणि तो अर्ध्यावर बाहेर. जायंटचं नाव घेताना लोकांना अशी एखादी दुपार आठवते जी त्यानं जिंकून दिली. हिबर्टची आठवते ती ही. म्हणून 'लगेच नको' म्हणालो. माझ्या यादीत त्याच्याबरोबर खेळलेले लेटन बेन्स, लिऑन ऑस्मन आणि टिम केहिल त्याच्या वर आहेत. ऑस्मन तर त्याच ॲकॅडमीतला, २०१६ मध्ये हिबर्टबरोबरच क्लबनं त्यालाही मोकळं केलं. निष्ठा मोजायची तर त्याचीही तेवढीच भरेल, वर खेळ चांगला.

मग द्यावी कशासाठी? त्याचा गोल होत नाही, या गोष्टीचं पब्लिकनं जे काही करून ठेवलं त्यासाठी. वर्षं सरत गेली तसा तो शून्य आकडा गुडिसन पार्कच्या, म्हणजे एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावरच्या, लोकांच्या मालकीचा झाला. चेंडू घेऊन त्यानं मधली रेषा ओलांडली की स्टँडमधून 'मार!' असा ओरडा उठायचा. एक बॅनरच होतं, की हिबर्टनं गोल केला तर आम्ही दंगल करणार. इतर क्लबांत अशा बॅकची खिल्ली उडवून त्याला घालवतात. इथं ती खिल्ली मायेची होती, आणि तोही कधी चिडलेला दिसला नाही.

८ ऑगस्ट २०१२ ला त्याच्या सन्मानार्थ टेस्टिमोनियल सामना झाला, पाहुणे ग्रीसचे एईके अथेन्स. फ्री किक मिळाली. ती घ्यायला सगळ्यांनी हिबर्टला पुढं केलं. चेंडू आत! आणि लोक खरंच मैदानात घुसले. पोरं, म्हातारे, निळे शर्ट घालून शेकड्यांनी. सामना थांबवावा लागला. बॅनरवर लिहिलेलं शब्दाला जागून करून दाखवलं. एव्हर्टननं तो सामना ४-१ जिंकला, अर्थात अधिकृत नोंदीत त्या गोलाला किंमत नाही, आकडा शून्यच राहिला.

मैत्रीच्या सामन्यातल्या गोलावर मैदान भरलेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. गुडिसनवर १८९२ पासून फुटबॉल चालला, मे २०२५ मध्ये पुरुष संघ तिथला शेवटचा सामना खेळून नदीकाठच्या नव्या स्टेडियमला गेला. त्या जुन्या जागेच्या आठवणी निघतात तेव्हा चषकांच्या आठवणी सांगणारी पिढी आता चाळिशीपुढची आहे. तिच्यानंतरच्यांकडं सांगायला जे आहे त्यात हिबर्टची फ्री किक येतेच. क्लबची यादी जर क्लबला काय आठवतं त्याची असेल, तर हे नाव तिच्यात बसतं.

एवढं मात्र करा, त्याची बाजू मांडताना 'जन्मभर एकाच क्लबचा' असं लिहू नका. व्यावसायिक कारकीर्द एकाच क्लबची, हे खरं. पण पुढं त्यानं फ्रान्समध्ये कार्प माशांचा तलाव घेतला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर तिथल्या लूझी नावाच्या हौशी संघाकडून नाव नोंदवलं. तिथं त्यानं गोल केला असेल, तर मला सांगू नका.