मशीनचे चार तास आणि मधले दोन दिवस

(डायलिसिसबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात घेतली आहेत.)

बाबा 64 वर्षांचे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचे वजन) 58 किलो. दर खेपेला पावणेचार किलो वाढलेले असतात. शेवटच्या तासात प्रेशर उतरते, पिंढऱ्यांत गोळे येतात आणि बाबा साडेतीन तासांतच मशीन बंद करायला लावतात. अर्ध्या तासाने एवढे काय बिघडते? — म्हापसा

बिघडते. पावणेचार किलो वाढलेले, त्यात रक्त परत देताना वापरलेले सलाईन आणि मशीनवर घेतलेला चहा धरला की काढायचे पाणी झाले 4 लिटर. चार तासांत काढायचे तर तासाला 1000 मिली, म्हणजे दर किलो वजनामागे सुमारे 17 मिली. मशीन पाणी ओढते ते रक्तातून; पेशींभोवती साचलेले पाणी रक्तात यायला वेळ लागतो. ओढण्याचा वेग त्यापुढे गेला की प्रेशर कोसळते आणि गोळे येतात. अमेरिकेतल्या ‘हेमो’ चाचणीतल्या रुग्णांची माहिती 2011 मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा किलोमागे तासाला 13 मिलीपेक्षा जास्त वेगाने पाणी काढलेल्यांत मृत्यू, विशेषतः हृदयविकाराने होणारे, अधिक दिसले. हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे, त्यामुळे 13 ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. पण हिशेबाला हा आकडा सोयीचा. 58 गुणिले 13 गुणिले 4, म्हणजे सुमारे 3 लिटर. साडेतीन तासांत तर 2.6 लिटरच. उरलेले पाणी अंगातच राहते आणि पुढच्या खेपेला जमेला येते.

तास कमी नको, वाढवून मागा. तेच 4 लिटर पाच तासांत काढले तर वेग 14 च्या आत येतो. आठवड्यातून तिसरी बैठक मिळाली तर त्याहून उत्तम. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ती त्यात बसते का, हे युनिटमध्ये विचारून घ्या. दोन बैठकांवर भागते ते अजून बरी लघवी होणाऱ्यांचे. बाबांची 24 तासांची लघवी एकदा मापाच्या बाटलीत जमवून पाहा. 100 मिलीसुद्धा भरत नसेल तर मूत्रपिंडांच्या कामावर विसंबता येणार नाही.

‘पाणी कमी प्या’ हे सगळेच सांगतात. मीठ तसेच ठेवून पाणी तोडायचे हे कोणालाच जमत नाही, कारण तहान मिठाची असते. अंगात अडकलेल्या दर लिटर पाण्यामागे साधारण 8 ग्रॅम मीठ असते. दिवसाचे सगळे मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढ्यात भागवायचे. आपल्याकडे खरी चोरी होते ती पेजेच्या ताटात: सुका बांगडा, सुकट, मिठातले तोर (कच्चे आंबे), पापड. सुका बांगडा कितीही भिजवून धुतला तरी त्यातले सगळे मीठ जात नाही. आणि दुकानातले ‘लो सोडियम’ मीठ अजिबात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडे बंद असली की ते रक्तात साचून हृदयाला धोका होतो.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. डायलिसिसच्या दिवशी प्रेशरची सकाळची गोळी घ्यायची की नंतर? आणि 58 हा आकडा शेवटचा कधी तपासला? भूक सुधारून अंगावर मांस चढले असेल तर आज खरे ड्राय वेट 59 असू शकते, आणि मशीन त्या किलोभर मांसाला पाणी समजून ओढते. मशीनवर असताना भरपेट जेवण नको. रक्त पोटाकडे वळते आणि प्रेशर आणखी उतरते.

आईला साध्या डायलिसिसऐवजी एचडीएफ (हिमोडायाफिल्ट्रेशन) सुचवले आहे. खर्च जास्त. फायदा खरा आहे का? — मडगाव

फायदा आहे, पण अटींसह. साध्या डायलिसिसमध्ये युरियासारखे लहान रेणू पडद्यातून पार होतात. एचडीएफमध्ये रक्तात अतिशुद्ध द्रव सोडून तो दाबाने पुन्हा खेचून घेतात, त्यामुळे मोठे रेणूही निघतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कन्व्हिन्स’ या युरोपीय चाचणीत 1360 रुग्ण होते. सुमारे अडीच वर्षांत हाय-फ्लक्स (मोठ्या छिद्रांच्या फिल्टरच्या) डायलिसिसवरचे 21.9 टक्के रुग्ण दगावले, एचडीएफवरचे 17.3 टक्के. अट अशी की दर बैठकीला किमान 23 लिटर द्रव खेचला गेला पाहिजे, आणि तो जमेल असेच रुग्ण त्या चाचणीत घेतले होते.

आता आईचा रक्तपंप किती फिरतो ते पाहा. मिनिटाला 350 मिली असेल तर चार तासांत 84 लिटर रक्त फिरते. त्यातून 23 काढणे झेपते. 250 वर फक्त 60 लिटर फिरते. त्यातून 23 काढायचे म्हणजे 38 टक्के. रक्त दाट होऊन फिल्टर गोठतो. म्हणजे फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) कमजोर असेल तर नाव एचडीएफचे आणि काम निम्मे. युनिटला एकच प्रश्न विचारा: मागच्या बैठकीत किती लिटर झाले? आकडा मशीनवर दिसतो. आई आठवड्यातून दोनदाच जात असेल, तर आमच्या मते ते पैसे आधी तिसऱ्या बैठकीवर घालावेत.

करमलाचे लोणचे थोडेसे चालेल का? — काणकोण

नाही. कापल्यावर पाच टोकांची चांदणी दिसते ते हे फळ, कमरख. त्यातले कॅराम्बॉक्सिन हे विष निरोगी माणसात मूत्रपिंडातून बाहेर पडते. डायलिसिसवरच्या रुग्णात ते साचून मेंदूवर जाते. आधी न थांबणारी उचकी, मग उलट्या, बरळणे, झटके. एका फळानेही माणसे दगावली आहेत. लोणचे घातले म्हणून ते बिनधोक होते असे समजू नका. खाल्ल्यावर उचकी लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डायलिसिस लागेल. बिंबल याच कुळातले; त्यात ऑक्झॅलेट भरपूर, तेही टाळा. आमटीला आंबटपणा हवा तर दोन कोकमे पुरेत.

चवथीला गावी जायचे म्हणून एक बैठक चुकवली तर? नैवेद्याचे काय खावे? — फोंडा

चुकवू नका, अलीकडे ओढून घ्या. आठवडाभर आधी युनिटला सांगितले तर आदल्या दिवशीची पाळी मिळू शकते. अमेरिकेतल्या 32 हजार रुग्णांच्या 2011 मधल्या अभ्यासात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांतही, दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण वर्षाला शंभरामागे 22.1 होते, इतर दिवशी 18. ही गोष्ट नुसत्या नेहमीच्या खंडाची. बैठक चुकली की तोच खंड चार-पाच दिवसांवर जातो.

ताटात धोका आहे तो खतखत्यात, म्हणजे कंदांच्या मिश्र भाजीत. सुरण, रताळी, कणगी, शेंगा, कच्ची केळी, सगळे पोटॅशियमचे. आणि शिजवलेले पाणी त्यातच राहते. घरी करणार असाल तर रुग्णाच्या वाट्याचे कंद सोलून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी ओतून द्या. पुन्हा नवे पाणी घालून उकळा, तेही ओता, आणि मग वाटणात घाला. नुसते वाफवून पोटॅशियम जात नाही. वाटी लहान, आणि त्या दिवशी दुसरे फळ नाही, शहाळे तर नाहीच. एखाद-दुसरी नेवरी (करंजी) खाल्ली तर काही होत नाही, मधुमेह नसेल तर. पाय जड पडले, चालताना गुडघे मोडायला लागले किंवा नाडी मंद लागली तर पोटॅशियम वाढले असे समजा, आरतीला थांबू नका. मडगावच्या किंवा बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात निघा आणि वाटेतच युनिटला फोन करा.

मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरते. एका दिवशी शेजारच्या दोघांनाही भरली. — डिचोली

एकट्याला भरली आणि मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल, तर कॅथेटरचा संसर्ग समजूनच चालायचे. अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) घ्यायला सांगा. तापाची गोळी घेऊन घरी येऊ नका. एकाच पाळीत तिघांना भरली तर संशय पाण्यावर किंवा पुन्हा वापरलेल्या फिल्टरवर.

मिनिटाला 500 मिली या हिशेबाने चार तासांत 120 लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून जाते. मध्ये फक्त फिल्टरचा पडदा. त्या पाण्यात दर मिलीमागे 100 हून जास्त जंतू चालत नाहीत. पावसात दुसरी भानगड असते: नदीचे पाणी गढूळ, म्हणून क्लोरीन जास्त. क्लोरामाइन आरओच्या पडद्यातून निसटते, त्याला अडवते ती कार्बनची टाकी. तिची ताकद संपली की तांबड्या पेशी फुटतात. परतीच्या नळीतले रक्त मग कोकमाच्या आगळासारखे पारदर्शक लाल दिसते. तसे दिसले की पंप थांबवायचा, आणि ते रक्त अंगात परत द्यायचे नाही.

युनिटमध्ये पाण्याचे रजिस्टर असते. ते बघायला मागा, कोणी नाही म्हणत नाही. दर पाळीआधी क्लोरीनची तपासणी हवी, लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या आत. महिन्याभराचे सगळे रकाने एकाच शाईत, एकाच हाताने, एकसारख्या शून्यांनी भरलेले दिसले, तर त्या दिवशीच डॉक्टरांना गाठा.